माझ्या जन्माचे मानकरी

हल्ली माणसं दवाखान्यात जन्मतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद केलेली आहे. हीच पाहणी १९९२-९३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा साऱ्या देशाचा आकडा शंभरात २६ होता. मी जन्मलो १९७९ साली आणि तोही घरी. म्हणजे पाहणीवाले यायच्या आधीच मी येऊन गेलेलो. त्यामुळे मी कुठल्याच टक्क्यात नाही. कॉमर्सचा पदवीधर असूनही टक्क्यात न बसणं मला असं जन्मापासूनच जमत आलेलं आहे.

'मी घरी जन्मलो' असं आमच्या बँकेत सांगितलं की नवी पोरं माझ्याकडे, आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या तांब्याच्या नाण्याकडे बघावं तशी बघतात. एकानं तर विचारलं, "म्हणजे हॉस्पिटल लांब होतं, की गाडी मिळाली नाही?" त्याला काय सांगणार? रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी तेव्हा गाडीच काय, पावसाळ्यात रस्ताही मिळत नसे. जून ते सप्टेंबर त्याचा पऱ्या व्हायचा.

घरी जन्मलेल्या माणसाची पहिली ओळख म्हणजे त्याची जन्मतारीख. ती १ जून असते. आमच्या शाखेत नऊ माणसं आहेत, त्यात चौघांचा वाढदिवस १ जूनला. केक एकच आणतो. काटकसर हा बँकेचा धर्मच आहे. मी त्या चौघांपैकी एक. १९८५ च्या जूनमध्ये मला पहिलीत घालायला नेलं, तेव्हा सहा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी पडत होते. गुरुजींनी नाकावरचा चष्मा सारखा केला, टाकाची शाई झटकली आणि रजिस्टरात १ जून १९७९ लिहून माझी सहा वर्षं जागच्या जागी पूर्ण करून टाकली. आईनं नऊ महिने पोटात सांभाळलेलं पोर गुरुजींनी सातव्या महिन्यातच बाहेर काढलं. कळा नाहीत, काही नाही!

आईला हे अजून मान्य नाही. तिच्या हिशेबानं माझा जन्म श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारचा. पंचांग काढून बघितलं तर तारीख निघते ६ ऑगस्ट. "उपासाच्या दिवशी जन्म दिलाय मी तुला," ती म्हणते, "आणि हे म्हणे जून! जूनमध्ये मी भाताची रोपं टाकत होते." पण बँक उपासावर चालत नाही, दाखल्यावर चालते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणजे मी ३१ मे रोजी घरी जाणार. आईची तारीख धरली असती तर ३१ ऑगस्ट. तीन महिन्यांचा पगार गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्यात गेला. हे कळल्यापासून आई गुरुजींचं नाव घेताना कपाळाला हात लावते.

जन्माची सरकारी नोंदही झाली होती बरं का. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं बाळ घरी जन्मलं तर त्याची वर्दी कुटुंबप्रमुखानं द्यायची. आजोबा कायद्याला देवाइतकंच मानत. पाऊस जरा उघडल्याबरोबर, दहाव्या दिवशी, ते ग्रामपंचायतीत गेले आणि वर्दी देऊन आले. बारसं व्हायचं होतं म्हणून माझ्या नावाची जागा रिकामी राहिली. खबर देणाराच्या रकान्यात मात्र आजोबांचं पूर्ण नाव, वळणदार सहीसकट. तो कागद बघितला तर माझ्या जन्मात मुख्य कामगिरी आजोबांचीच होती असं वाटतं. आजोबांनाही शेवटपर्यंत तसंच वाटत होतं.

आणि इथूनच आमच्या घरातल्या मानकऱ्यांची रांग सुरू होते.

आजोबांचा मान डोलीचा. बाळंतपण अडलंच तर आईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी डोली बांधून ओटीवर तयार ठेवली होती आणि चार गडी सांगून ठेवले होते. चौघांना रात्रभर चहा पुरवला. डोली लागली नाही. पण किती दूध, किती साखर आणि किती पानसुपारी गेली, ते आजोबा पाव शेराच्या हिशेबात सांगत.

वडलांचा मान तारेचा. ते मुंबईला नोकरीला. मुलगा झाल्याची तार चौथ्या दिवशी चाळीत पोचली. तार या प्रकाराचा २०१३ साली अंत झाला, म्हणून आजच्या मुलांना सांगायला हवं, की तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं असं धरूनच ती घ्यायची. तारवाला जिन्यात दिसल्याबरोबर शेजारच्या काकूंनी गळा काढला. वडलांच्या हातून पाकीट उघडेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मॅट्रिक झालेल्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी इंग्रजी मजकूर मनात दोनदा वाचला, घसा साफ केला आणि मग सगळ्यांना सांगितलं. तोवर वडील खांबाला धरून उभे. "त्या पाच मिनिटांत मी जे भोगलं..." असं म्हणून वडील आजही थांबतात. आई त्या वेळी ताटं मांडत असते. ती काही बोलत नाही.

पण खरा मानकरी मामा. मामा तेव्हा चौदा वर्षांचा. रविवारी रात्री आईच्या कळा वाढल्या, तेव्हा इरलं पांघरून, हातात कंदील घेऊन तो सुईणीला आणायला निघाला. सुईणीची वाडी पऱ्याच्या पलीकडे. पऱ्यावर साकव. साकवाला पाणी लागलेलं. मधोमध मामाचा पाय घसरला, कंदील गेला, गुडघा फुटला. पण मामानं सुईण आणली! मागून साकव पाण्याखाली गेला. गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षं मामा ही गोष्ट लग्नामुंजींत, बारशांत आणि तेराव्यालासुद्धा सांगत आलेला आहे. गोष्टीच्या शेवटी तो लेंगा वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवतो. मी मामाचा गुडघा माझ्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला आहे. दर वर्षी पाण्याची पातळी थोडी वाढते. मी लहान असताना ते पोटरीपर्यंत होतं, गेल्या गणपतीत गळ्याशी आलं. आणखी दोन वर्षांत मामा पोहत जाणार.

या सगळ्या गोष्टींत आई कुठं आहे म्हणाल तर, आहे. डोली, तार आणि गुडघा यांच्या मागं कुठंतरी आतल्या खोलीत आहे. 'मग सकाळी ताई सुटली' एवढं एक वाक्य तिच्या वाट्याला. नाटकात राजवाड्याचा पडदा असतो ना, तसं. पडदा नसेल तर नाटक होत नाही. पण पडद्याला कुणी टाळ्या देत नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी मामाच्या मुलीला दिवस गेले. ही आमची बहीण पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. हुशार, वाचणारी, दर गोष्टीचा तक्ता करणारी. तिनं जाहीर केलं की आपलं बाळंतपण घरी होणार. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टबात कोमट पाणी घालून, मंद दिवे लावून, बासरी ऐकत. दवाखान्यात म्हणे बाईला नंबर असतो, नाव नसतं. दिवे डोळ्यांत मारतात, ओळखीचं माणूस बाहेर काढतात आणि अनोळखी माणसं आत घेतात. यात खोटं काही नव्हतं. आमच्या ओळखीतल्या किती तरी बायकांनी हेच सांगितलेलं आहे, फक्त बासरी सोडून.

मामी रडायला लागली. मामा गप्प. कारण मुलीनं बापाकडेच बोट दाखवलं. "बाबा, लहानपणापासून तुम्हीच सांगत आलात ना? आत्या घरीच बाळंत झाली, काही त्रास झाला नाही, सकाळी सुटली. मग मला का नाही?" मामाला आपल्याच गोष्टीच्या पुरात पहिल्यांदा गटांगळी बसली.

शेवटी ती ठाण्याला आमच्याकडे आली, आत्याला विचारायला. सोबत वही. प्रश्न क्रमानं लिहून आणलेले. पहिला प्रश्न होता, "आत्या, तुझा अनुभव कसा होता?"

आई मेथी निवडत होती. तिनं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा पोरीच्या पोटाकडे. म्हणाली, "वही मीट. सांगते."

आणि आईनं सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"कळा रविवारी संध्याकाळी सुरू झाल्या. बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराच्या बाजूची, खिडकी नसलेली. आत शेगडी, धूर, ओल्या गोणपाटाचा वास. सुईण आली ती चिंब भिजून. तिनं आधी काय केलं असेल? कढत पाणी मागितलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. आरोग्य केंद्रात तिला शिकवलं होतं. तिथली पेटीही मिळाली होती, पण ती तिनं नवीकोरी म्हणून घरी जपून ठेवलेली! ब्लेड मात्र पुडीतलं नवं घेतलं, तुझ्या आजोबांचं, आणि तेही उकळून. माझी आई म्हणत होती, विळी आहे की. ती म्हणाली, विळीनं धनुर्वात होतो."

(हा धनुर्वात बाळाबाळंतिणीच्या मागं किती दिवस लागला होता बघा. भारतातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं.)

"रात्रभर ती माझ्या पाठीशी बसली होती," आई म्हणाली. "कळ आली की कंबर दाबून धरायची. बोलायची. कुणाकुणाची बाळंतपणं सांगायची. एरवी ती आमच्याकडे आली की अंगणात बसायची, पाणी वरून घालायचे तिला. त्या रात्री ती थेट आत. आणि साकव बुडाला म्हणून दोन दिवस तिथंच, माझ्या खाटेशेजारी. सोयर होतं ना, त्या खोलीतलं कुणीच शिवायचं नाही. मीही नाही, तीही नाही. आईची अडचण आपोआप सुटली."

बहिणीनं मिटलेली वही हळूच बॅगेत टाकली.

"सकाळी हा झाला. गुरं सोडायच्या वेळेला. वाजले किती ते नाही ठाऊक, घड्याळ ओटीवर आणि मी आत. रडला बिडला. बाहेर गडी ओरडले, मुलगा, मुलगा. तुझ्या बापानं गूळ वाटला. सगळ्यांचं बाळंतपण तिथं संपलं."

आई थांबली. मेथीची काडी मोडली.

"माझं नव्हतं संपलं. वार पडेना. रक्त जातच होतं. खालचं गोणपाट बदललं, पुन्हा भिजलं. शेजारची एक म्हातारी आली, म्हणाली नाळ धरून ओढा. सुईणीनं तिला हाताला धरून बाहेर काढलं. म्हणाली, ओढलं तर बाई जाईल. मग तिनं माझाच शेपटा माझ्या तोंडात कोंबला. उबळ आली की वार सुटते म्हणतात. नाही सुटली. डोलीवाले ओटीवर चहा पीत होते. पण डोली नेणार कुठून? साकव पाण्याखाली. सुईण काही बोलेना. रात्रभर बोलत होती आणि आता बोलेना, तेव्हा मला कळलं. मी आईला म्हटलं, याला तू वाढव. याच्या बापाला सांग, दुसरी आण पण याला इथंच राहू दे. वरच्या आळीतली एक पोर आदल्याच वर्षी तशीच गेली होती, माझ्याच वयाची. तिच्या लुगड्याचा रंग आठवत होता मला."

घरात गॅसवरच्या कुकरचा आवाज तेवढा येत होता. मी उठून गॅस बंद केला.

"मग सुईणीनं याला उचललं आणि माझ्या छातीशी लावलं. आई ओरडली, चीक पाजायचा नसतो, तीन दिवस मध चाटवायचा. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, पोर ओढेल तसं पोट आवळेल. हा मेला, जन्मल्यापासून खादाड! असा ओढायला लागला की मला कळ आली. आणखी आली. दुपारच्या नैवेद्याच्या सुमाराला वार पडली. सुईणीनं ती परातीत पसरून, फिरवून फिरवून बघितली, आख्खी आहे का म्हणून. आणि मग ती भिंतीला टेकून रडायला लागली. मी नाही रडले. मला झोप आली."

बाळानं दूध ओढलं की गर्भाशय आकसतं, हे डॉक्टरही सांगतात. दवाखान्यात हल्ली बाळ बाहेर आल्याबरोबर आईला त्यासाठी सुई टोचतात. सुई नव्हती म्हणून मी कामाला लागलो. म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत माझंही नाव निघालं की! जेमतेम दोन-तीन तासांचा असताना मी आयुष्यातली पहिली नोकरी केली आणि तीही वेळेवर. त्यानंतर इतक्या तत्परतेनं मी काही केल्याचं आमच्या शाखेत कुणाला आठवत नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. तिच्यासाठी आजोबांनी कोरा कागद आणि आपलं पेन ठेवलं होतं. तिनं बहुधा ते पेनच माझ्या हातात दिलं आणि सह्या करत बैस म्हणाली.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "आत्या, मग त्यात चांगलं असं काहीच नव्हतं?"

"होतं की," आई म्हणाली. "दहा दिवस सोयर. कुणी शिवायचं नाही म्हणजे कुणी काम सांगायचं नाही. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. लग्नानंतर एवढी झोप मला पुन्हा मिळाली नाही. आणि ती बाई होती. रात्रभर पाठीवर हात होता. घराचं काय कौतुक गं? भिंतींनी बाळंतपण होतं होय? माणूस हवं जवळ. आणि रक्ताची बाटली हवी, कोपऱ्यावर. माझ्याकडे माणूस होतं, बाटली नव्हती. तुमच्याकडे बाटली आहे, माणूस ठेवत नाहीत. तू दोन्ही माग. पैसे भरता ना?"

सुईणीला काय दिलं, असं मी विचारलं. लुगडं-खण, नारळ आणि दोन पायल्या तांदूळ. नोंद कुठंच नाही. ग्रामपंचायतीच्या कागदावर आजोबा, शाळेच्या रजिस्टरात गुरुजी, तारेत वडील. मी रोज शेकडो नोंदी तपासणारा माणूस. जमेच्या बाजूला एक अख्खा मुलगा आहे आणि नावेच्या बाजूला काय गेलं याची चिठ्ठीसुद्धा नाही. असा व्हाउचर माझ्या टेबलावर आला असता, तर मी पास केला नसता.

पुढची गोष्ट छोटी आहे. बहिणीनं पुण्यात तक्ता करून आठ दवाखाने पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न : रक्ताची सोय किती मिनिटांत होते? आणि माझं माणूस आत राहू देता का? दुसऱ्या प्रश्नाला तीन ठिकाणी माना हलल्या, त्या नकारार्थी. तिनं त्यांना सांगितलं की सरकारी दवाखान्यांतसुद्धा बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिचं एक माणूस राहू द्यायला केंद्र सरकारनं २०१६ सालीच मुभा दिलेली आहे. चौथ्या ठिकाणी 'हो' म्हणाले. फक्त माणूस एकच.

आता आली पंचाईत. जावईबापूंनी दोन महिने क्लासला जाऊन श्वासोच्छ्वास शिकून घेतले होते, प्रमाणपत्रही मिळवलं होतं. पण बहिणीनं आत कोण येणार या रकान्यात नाव लिहिलं ते आत्याचं. आई सदुसष्टाव्या वर्षी हिरवा झगा आणि टोपी घालून आत गेली. कोपरापर्यंत हात धुतले आहेत का, हे तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं म्हणतात. बाहेर पॅसेजमध्ये जावईबापू शिकल्याप्रमाणं श्वास आत घेत होते, बाहेर सोडत होते. मामा बाकावर बसून शेजारच्या अनोळखी गृहस्थांना साकवाची गोष्ट सांगत होता. पाणी गळ्याच्याही वर गेलेलं होतं.

पहाटे नर्स बाहेर आली आणि मुलगी झाल्याचं सांगून गेली. मामी हात जोडून रडली, जावईबापू श्वास सोडायचे विसरले, मामा लेंगा खाली करून उठला आणि खिशात हात घालून मला म्हणाला, "जा रे, पेढे घेऊन ये."

मी जिन्याकडे निघालो. पण वडलांनी माझा दंड धरला. "थांब," म्हणाले, "तुझ्या आईला येऊ दे."

वीस मिनिटं गेली. कुणी बोललं नाही. मग दार ढकलून आई आली. टोपी कानावर सरकलेली, डोळे तांबारलेले, रात्रभर कंबर दाबून दाबून हात थरथरत होते.

"वार पडली," ती म्हणाली. "आख्खी आहे, मी बघितली. आता आणा पेढे."